केबल तोडण्याआधी बिल फोडा

महोदय,

गणपती उरकून चाकरमानी मुंबईला परतले की कोकणात कितीतरी घरांना कुलूप लागते. बंद घराच्या केबलचे पैसे मात्र जातच राहतात, कारण रिचार्ज सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा मारलेला असतो. उघड्या घरांतूनही हल्ली ‘तोडूनच टाकू केबल’ असे ऐकू येते. तोडा खुशाल, पण आधी बिल फोडून बघा.

बिलाचे तुकडे चारच: नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचे पैसे (केबलवाला त्याला एनसीएफ म्हणतो), पे चॅनेलची किंमत, असल्यास बॉक्सचे भाडे, आणि वर 18 टक्के जीएसटी. पूर्वी 200 चॅनेलपर्यंत एनसीएफ 130 रुपयांच्या वर घेता येत नसे. जुलै 2024 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ती मर्यादा काढली, त्यामुळे या आकड्यावर आता घासाघीस करता येते. अर्थात केबलवाल्याला तो वाढवताही येतो. 130 धरले तर करासह 153 रुपये 40 पैसे होतात. बॉक्सला भाडे नसताना तुम्ही 350 देत असाल, तर उरलेले जवळजवळ 200 पे चॅनेलचे आहेत. कात्री तिथे लावायची.

पॅकचे गणित सोपे आहे, पण ते कोणी मांडून दाखवत नाही. सुट्या किमतींच्या बेरजेवर पॅकला 45 टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. म्हणजे बेरीज 60 रुपये असेल तर पॅक 33 च्या खाली येऊच शकत नाही. त्यातले तुम्ही बघता ते दोन चॅनेल मिळून 25 चे असतील, तर सुटेच घ्या. मालिका, सिनेमे आणि बातम्या तिन्ही एकाच कंपनीच्या पॅकमध्ये बघत असाल, तर बहुधा पॅक परवडतो. ‘आमच्याकडे पॅकच आहेत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, सुटे चॅनेल देणे बंधनकारक आहे. सह्याद्रीसारखे मोफत चॅनेल एनसीएफमध्येच येतात, त्यांच्यासाठी पॅक लागत नाही.

गावात केबलवाला बहुधा एकच, तोही ओळखीतला. त्याच्याशी भांडून काय मिळणार? वादळात माड पडून वायर तुटली की त्यालाच हाक मारायची आहे. ‘जरा कमी करा’ असे मोघम म्हटले की तो पन्नास रुपये सोडतो आणि दोन महिन्यांनी बिल पुन्हा पूर्वपदावर येते. त्याऐवजी हवे ते चॅनेल क्रमांकासह कागदावर लिहून द्या आणि रिचार्ज संपण्याच्या चार दिवस आधी बोला. पैसे भरल्यावर बोलण्यात जोर राहत नाही. दुसऱ्या टीव्हीच्या एनसीएफवर वेगळी सवलत मागा, ती आपणहून कोणी देत नाही. बंद घरासाठी मोठा रिचार्ज न मारता शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरताच मारावा. मधल्या महिन्यांत सेवा तात्पुरती बंद ठेवण्यासाठी आगाऊ अर्ज करता येतो. पुन्हा सुरू करण्याचे शुल्क किती, हे त्याच वेळी विचारून ठेवा.

तोडायचेच ठरले, तर फोनवर सांगून भागत नाही. लेखी अर्ज द्या, त्यावर बॉक्सचा क्रमांक घाला आणि पोच घ्या. बॉक्स भाड्याचा असेल तर रिमोट आणि अॅडॅप्टरसह परत करून अनामत मागा. विकत घेतलेला असेल तर तो तुमचाच, परत देऊ नका, मात्र दुसऱ्या केबलवाल्याकडे तो सहसा चालत नाही. सर्वात जास्त घोळ होतो तो टीव्ही आणि नेट एकाच फायबरवर असते तिथे. माणूस बॉक्स न्यायला येतो आणि भिंतीवरचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येते ती नेटची डबीही, काढून नेतो. मग नेटही गेले. अर्जात ‘फक्त टीव्ही बंद, इंटरनेट चालू’ असे स्पष्ट लिहा आणि नुसत्या नेटचा दर करासह विचारा. एचडी चित्राला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, तेव्हा चार माणसांच्या घराला 30-40 चा प्लॅन भरपूर झाला.

नेट धड नसलेल्या वाडीत डीडी फ्री डिश बरी. डिश, एलएनबी (डिशच्या तोंडाशी असते ती सिग्नल पकडणारी डबी) आणि बॉक्सचा खर्च एकदाच, मासिक काही नाही. तिचा जीसॅट-15 उपग्रह आपल्या किनाऱ्यावरून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर येतो. त्या दिशेला माडाची झावळी आडवी येणार नाही अशी जागा निवडा. या डिशचा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे उच्च वारंवारतेचा, असल्याने मुसळधार पावसात जातो, सर ओसरली की येतो. त्यासाठी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका. पाऊस नसतानाही चित्र फुटत असेल तर आधी एलएनबीकडचा कनेक्टर उघडून बघा. खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या तारेवर हिरवट थर धरलेला असतो. तेवढे टोक कापून नवा कनेक्टर बसवावा आणि वरून जलरोधक टेप घट्ट गुंडाळावी.

आपला,
एक वाचक, गुहागर