दुकानात गंजणाऱ्या रायफली परवानाधारक नेमबाजांना मिळाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पुतण्याला दीर्घ प्रतीक्षेनंतर गेल्या वर्षी शस्त्र परवाना मिळाला. तो रायफल क्लबचा सभासद आहे आणि त्याला .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) लिव्हर-ॲक्शन रायफल हवी आहे. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून पुन्हा वर आणली की रिकामे टरफल बाहेर पडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस नळीत बसते, अशी ही रचना. तिच्यावर हात बसवलेला माणूस सहसा दुसऱ्या रायफलीकडे वळत नाही. परवाना हाती असूनही परवडेल अशी एकही रायफल त्याला मुंबईत अद्याप मिळालेली नाही. त्याच्यासोबत दुकाने पालथी घालताना जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

किंमत वाढण्याचे मूळ कारण उघड आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांपुरती उरली आहे. आपले सरकारी कारखाने .३१५ आणि .२२ बोअरच्या रायफली बनवतात, पण त्या बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने दांडी मागे-पुढे सरकवावी लागणाऱ्या. त्यामुळे आज या देशात विंचेस्टर किंवा मार्लिन या अमेरिकी कंपन्यांच्या ज्या लिव्हर-ॲक्शन आहेत त्या आजोबा-पणजोबांच्या काळात आलेल्या, आणि त्यांची संख्या वाढण्याची शक्यता नाही. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून पुतण्या माझ्याकडे पाहू लागला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

किमती अमेरिकेतही चढल्या आहेत, पण तिथली कारणे निराळी. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि त्या नावाच्या लिव्हर-ॲक्शन आता जपानमध्ये तयार होतात. मार्लिन कंपनी २००७ मध्ये रेमिंग्टनकडे गेली, २०२० मध्ये रेमिंग्टनचेच दिवाळे निघाले आणि मार्लिन रुगर कंपनीने विकत घेतली. या उलथापालथीत उत्पादन काही काळ थांबलेच होते. एके काळी तिथल्या गहाणवटीच्या दुकानांत दोन-तीनशे डॉलरला पडून असणाऱ्या मार्लिन ३३६ ची रुगरने बनवलेली आवृत्ती आता हजार डॉलरच्या वर जाते, आणि नळीवर ‘जेएम’ अक्षरे कोरलेल्या, म्हणजे मार्लिनच्या जुन्या कारखान्यातल्या, रायफलींमागे संग्राहक धावतात. विंचेस्टरबाबत १९६४ पूर्वीचा माल मागितला जातो, कारण त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवण्यासाठी बनावटीत बदल केले. तरीही तिथल्या बेताच्या ऐपतीच्या माणसाला ब्राझीलची रॉसी किंवा हेन्री कंपनीची साधी .२२ असे पर्याय उरतात. आपल्याकडे पर्याय म्हणजे कुणाच्या तरी वडिलांची रायफल.

माझ्या वडिलांचीही एक होती. मार्लिन ३९-ए, साठच्या दशकात मुंबईतच घेतलेली. तिच्या उजव्या कुशीला एक मोठा स्क्रू असतो. नाण्याने सैल करून तो हाताने फिरवला की रायफलीचे दोन भाग होतात आणि ती साध्या पिशवीत मावते. वडील गेल्यावर वारसाहक्काचा परवाना होईपर्यंत ती कायद्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी लागली, आणि त्या ‘होईपर्यंत’मध्ये तीन पावसाळे गेले. ती परत घ्यायला गेलो तेव्हा सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवरचे नाव ओलीने पुसले होते. नळीखालची काडतुसांची पितळी नळकांडी अर्ध्यावर अडकली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर हिरवा कळंक चढला होता. स्क्रू तर हललाच नाही. ठेवणावळीचे पैसे मात्र महिन्याच्या हिशेबाने चोख लावले होते. समुद्राची हवा लोखंडाला काय करते हे मुंबईकराला सांगायला नको, पण तेलाचा एक बोळा फिरवायला किती वेळ लागतो, हे मी त्या दुकानदाराला विचारलेच. त्याने मागच्या खोलीकडे बोट दाखवले. तिथे भिंतीला टेकून अशाच कितीतरी रायफली आणि बाराबोरी उभ्या होत्या. कुणाचा वारस परदेशी, कुणाचे नूतनीकरण अडकलेले, कुणाच्या घरी भावाभावांत वाद.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीची भर पडली. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आली आणि तिसरे शस्त्र जमा करणे बंधनकारक झाले. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला सरावाच्या .२२ रायफलीपुरती या मर्यादेतून सूट आहे. हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण ती सूट ज्या टेबलावर माहीत असायला हवी होती तिथे कलम उघडून मला दाखवावी लागली. जमा झालेल्या या शस्त्रांमुळे जुन्या रायफली स्वस्त होतील असे अनेकांना वाटले होते. पण ज्याला विकायचे आहे त्याला घेणारा ठाऊक नाही, ज्याला घ्यायचे आहे त्याला मागच्या खोलीत काय आहे ते दिसत नाही, आणि दोघांच्या मधला विक्रेता जो भाव सांगेल तो भाव.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नवे परवाने वाटा किंवा आयात खुली करा, असे माझे म्हणणे नाही. विक्रेत्यांकडे आणि पोलीस ठाण्यांत जमा असलेल्या शस्त्रांपैकी ज्यांचे मालक किंवा वारस विक्रीस तयार आहेत, त्यांची बनावट, बोअर आणि स्थिती एवढीच माहिती, मालकाचे नाव गुप्त ठेवून, पोलीस आयुक्तालयाने मान्यताप्राप्त क्लबांकडे दर सहा महिन्यांनी द्यावी. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, हे कायद्यात आहेच. ती पडताळणी तशीच राहू द्यावी, फक्त तिचा निर्णय ठरलेल्या मुदतीत व्हावा. आणि जमा शस्त्राला वर्षातून किमान दोनदा तेल लावणे ही विक्रेत्याची जबाबदारी मानली जावी, कारण तो ठेवणावळ घेतो.

शोधात असलेल्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द. स्वस्त मिळते म्हणून थर्टी-थर्टी किंवा फोर्टी फोर-फोर्टी या मोठ्या काडतुसांची रायफल घेऊ नये. ही काडतुसे इथे बनत नाहीत आणि रायफलीवर वाचवलेले पैसे काडतुसांच्या शोधात जातात. .२२ घ्यावी. नळी उजेडाकडे धरून आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, पाहावेत, कडी पूर्ण उघडून बिजागरीला खेळ किती आला आहे ते तपासावे, आणि काडतुसांची नळकांडी चेपलेली नाही ना हे हात फिरवून पाहावे. लाकडाच्या दस्त्यावरचे ओरखडे मुळीच मनावर घेऊ नयेत. मुंबईतले दुकानदार दस्ता चकचकीत करून किंमत वाढवतात आणि नळी तशीच ठेवतात. ऑलिंपिक प्रकारांत लिव्हर-ॲक्शन चालत नाही, त्यामुळे ज्यांचे लक्ष स्पर्धेवर आहे त्यांनी पहिला पैसा एअर रायफलीवरच घालावा, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

वडिलांची मार्लिन मी पुतण्यालाच देणार आहे. तो अडकलेला स्क्रू रॉकेलमध्ये आठ दिवस भिजवल्यावर सुटला. हस्तांतरणाची लेखी सूचना देऊन मात्र आता चौथा महिना सुरू आहे आणि ४५ दिवसांचे उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
एक परवानाधारक वाचक,
दादर, मुंबई