रेड लावलं म्हणून बॅकअप सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या ऑफिसांनी कॉम्प्युटरमधला डेटा कसा सांभाळायचा यावर लेख होता, तो वाचून हे पत्र लिहायला बसलो. लेख बरा आहे, पण दोन ठिकाणी अडखळलो. एक म्हणजे त्यात लिहिलंय की रेड (एक डिस्क गेली तरी डेटा जाऊ नये म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) ही कल्पना १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत निघाली. आणि दुसरं, जे जास्त घातक आहे, ते म्हणजे रेडवाला सर्व्हर घेतला की बॅकअपची कटकट संपली. पहिली चूक अर्धीमुर्धी आहे, सोडून दिली असती. दुसरी नाही सोडता येत.

माझी ओळख म्हणजे मी लॅमिंग्टन रोडवर तीस वर्षं हार्डवेअर रिपेअरिंग केलं, आता रिटायर. वीस एमबीच्या हार्डडिस्कचा जमाना मी पाह्यलाय, मशीन टॅक्सीतून न्यायचं असेल तर आधी पार्क कमांड द्यावी लागायची, नाहीतर खड्ड्यात हेड तबकडीवर आपटायचं आणि गिऱ्हाईक आपल्यावर. मुंबईच्या दमट हवेत रॅमचे पाय काळे पडतात ते खोडरबरने घासून चालू केलेली मशिनं तर मोजदाद नाही. त्यामुळे जे सांगतोय ते हात काळे करून शिकलेलं आहे, पुस्तकी नाही (थोडं पुस्तकीही आहे, रिटायर माणसाला वेळ असतो).

आधी रेड म्हणजे काय ते, कारण लेखात नुसता शब्द टाकून दिलाय आणि माझ्या शेजाऱ्याला वाटलं इन्कम टॅक्सची धाड. समजा आपल्या चाळीच्या गणपतीची वर्गणी तीन पोरं गोळा करतायत, प्रत्येकाची वही वेगळी. पहिल्याकडे ४,२००, दुसऱ्याकडे ३,१५०, तिसऱ्याकडे ५,०००. चौथा पोरगा कुणाकडे जात नाही, तो फक्त बेरीज लिहून ठेवतो, १२,३५०. आता दुसऱ्याची वही पावसात भिजून लगदा झाली. काही बिघडत नाही, १२,३५० मधून बाकी दोघांचे ९,२०० वजा करा, ३,१५० परत हातात. डिस्कवर हेच होतं, फक्त तिथे रुपये नसून शून्य आणि एक असतात आणि बेरजेऐवजी एकांची संख्या सम की विषम एवढंच नोंदवतात, त्याला पॅरिटी म्हणतात. एक डिस्क मेली की उरलेल्या डिस्क आणि पॅरिटी वाचून तिच्यावरचं अक्षर न् अक्षर परत काढता येतं, आणि तोवर ऑफिसचं काम चालूच राहतं, कुणाला पत्ता पण लागत नाही.

हे डोकं ज्या माणसांनी लावलं त्यांच्यात आयबीएमचा एक इंजिनियर आहे, नॉर्मन केन औची. मेमरीचं एक युनिट बंद पडलं तर त्यातला डेटा बाकीच्या युनिटांवरून कसा परत मिळवायचा, याचं पेटंट त्याने १९७७ ला भरलं आणि १९७८ ला त्याला मिळालं. म्हणजे बर्कलीच्या दहा वर्षं आधी. बर्कलीवाल्यांचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही, डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ च्या पेपरात रेड हे नाव लोकांपुढे ठेवलं, प्रकारांना एक ते पाच नंबर दिले, आणि मुख्य म्हणजे हिशेब मांडला. तो हिशेब मला फार आवडतो. तेव्हाची एक मोठी महागडी डिस्क काढून तिच्या जागी पीसीतल्या शंभर स्वस्त डिस्क लावल्या तर स्पीड मिळेल, पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते धरलं तर शंभर मिळून ३०० तासांत कुठलीतरी एक जाणार, म्हणजे दोन आठवडे पण धड नाहीत. स्वस्तातला माल असाच असतो, तर मग एक गेली तरी गाडं अडू नये अशी सोय हवी, आणि ती सोय म्हणजे औचीवाली बेरीज.

त्यातही एक गंमत आहे. बेरीज ठेवणारा चौथा पोरगा एकच असला तर कुणीही पावती फाडली की आपली नोंद बदलायला सगळे त्याच्याच दारात उभे. म्हणून रेड फाइव्हमध्ये बेरजेचं काम आळीपाळीने सगळ्या डिस्कवर फिरतं. साधी गोष्ट वाटते ना? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये हसलो होतो एकटाच.

असो. आता घातक चुकीकडे येतो.

पुन्हा गणपतीच्या वह्या घ्या. दोन वह्या एकदम भिजल्या तर? बेरीज आहे तुमच्याकडे, पण दोघांची मिळून किती एवढंच कळेल, कुणाची किती ते कधीच नाही. रेड फाइव्ह फक्त एक डिस्क गेलेली सोसतं, दुसरी गेली की खेळ खलास. (रेड सिक्स दोन सोसतं, पण त्याला डिस्क जास्त लागते आणि आपल्याकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, यात स्वस्त काय आहे.)

एका उपनगरातल्या पतपेढीतला किस्सा सांगतो, नाव नको. चार डिस्कचा सर्व्हर, मॅनेजरच्या केबिनमागच्या कपाटात, वर देवाचा फोटो आणि उदबत्तीचं घर. मला फोन आला जुलैत की साहेब मशीन चालू होत नाही. जाऊन बघतो तर दोन डिस्क गेलेल्या. विचारलं पहिली कधी गेली, तर कुणाला माहीत नाही. मग शिपाई म्हणाला, साहेब ते नारंगी लाइट तर दिवाळीपासून पेटलंय आणि आधी पीं पीं आवाज पण यायचा, मॅडमना त्रास होत होता म्हणून एका पोराने बटण दाबून बंद केला. म्हणजे बघा, पहिली डिस्क मेली तेव्हा यंत्राने आपलं काम चोख केलं, डेटा सांभाळला, आवाज दिला, लाइट लावला, आणि आठ महिने ते बिचारं वाट बघत होतं की कुणीतरी साधी एक डिस्क बदलेल. चारही डिस्क एकाच दिवशी एकाच लॉटमधून घेतलेल्या, एकाच गरम कपाटात, त्यामुळे त्यांचं वय पण सारखंच झालेलं. मी विचारलं बॅकअप? तर म्हणे आहे ना, रोज रात्री घेतो, डी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह कुठे? त्याच चार डिस्कवर.

वाचवलं कुणी, तर ऑडिटरने. त्याने ३१ मार्चचा डेटा आपल्या पेनड्राइव्हवर नेला होता. एक एप्रिलपासून पुढच्या सगळ्या नोंदी कागदी व्हाउचरवरून परत टाइप केल्या, स्टाफ रात्री अकरा अकरापर्यंत, वडापाव पेढीच्या खर्चाने. तीन आठवडे लागले.

आणि २६ जुलै २००५ विसरलो का आपण? सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्यानंतर दुकानात लोक प्लास्टिकच्या पिशवीत चिखलाच्या डिस्क घेऊन येत होते. त्यातल्या काहीजणांकडे मिररिंग होतं, म्हणजे एकाच डेटाच्या दोन जुळ्या डिस्क. दोन्ही एकाच खोक्यात, दोन्ही पाण्याखाली. चुकून फाइल डिलीट झाली, व्हायरस आला, चोराने अख्खा सर्व्हर उचलला, रेडला यातलं काही कळत नाही, डिलीट केलेलं ते दोन्हीकडून इमानेइतबारे डिलीट करतं.

काही वाचक म्हणतील की आता डिस्क आधीच सांगते, सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ गुड दिसतं. गूगलच्या इंजिनियरांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखभर डिस्कचा अभ्यास छापला, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मोठ्या इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. गुड म्हणता म्हणता जातात.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा: रेडने दुकान बंद पडत नाही, पण बॅकअप वेगळाच घ्यायचा, वेगळ्या यंत्रावर, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत, जमल्यास पहिल्या मजल्याच्या वर. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघायची. आणि कपाटातला सर्व्हर पीं पीं करत असेल तर आवाज बंद करणाऱ्या पोरालाच डिस्क आणायला पाठवायचं. जमलं तर औचीचं नाव पण टाका आणि १९७८ नीट तपासून घ्या, मागे माझ्या पत्रात चाळीस एमबीचं चार एमबी छापून आलं होतं आणि लॅमिंग्टन रोडवर लोक मला आठवडाभर चिडवत होते.

आपला,
एक जुना वाचक, गिरगाव