हार्डर यांची दुसरी कारकीर्द

संपादक महोदय,

अमेरिकी फुटबॉलमधील गाजलेल्या क्षणांवरील आपला लेख वाचला. 23 डिसेंबर 1972 रोजी पिट्सबर्ग येथे, ओकलंड रेडर्सविरुद्धच्या सामन्यात अवघे 22 सेकंद उरले असताना, टक्करीतून उसळलेला चेंडू पिट्सबर्ग स्टीलर्सच्या फ्रँको हॅरिसने जमिनीलगत झेलून टचडाऊन केले (म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले), ते वर्णन रंगले आहे. मात्र ते वैध ठरवणाऱ्या पंचांचे, विशेषतः माजी खेळाडू पॅट हार्डर यांचे, नावही त्यात नाही.

आक्रमक संघाच्या एका खेळाडूला लागलेला चेंडू, बचाव करणाऱ्याचा स्पर्श झाल्याविना, त्याच संघातील दुसऱ्याने झेलू नये, असा तेव्हा नियम होता (तो 1978 मध्ये रद्द झाला). त्यामुळे चेंडू स्टीलर्सच्या फुक्वाला लागला की रेडर्सच्या टेटमला, यावर सारे अवलंबून होते आणि चित्रफीत पाहून निर्णय देण्याची पद्धत एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये अजून आलेली नव्हती. त्या दिवशीच्या पंचांमध्ये दोघे माजी खेळाडू होते. एड्रियन बर्क यांनी 1954 मध्ये एकाच सामन्यात सात टचडाऊन पास दिले होते. गंमत म्हणजे 1969 मध्ये जो कॅपने त्या विक्रमाशी बरोबरी केली, तेव्हाही बर्क पंच म्हणून मैदानातच होते.

दुसरे पॅट हार्डर. शिकागो कार्डिनल्सकडून 1947 मध्ये आणि डेट्रॉइट लायन्सकडून 1952 व 1953 मध्ये अजिंक्यपद मिळवणारे हे फुलबॅक 1966 पासून 1982 पर्यंत लीगचे पंच होते. त्यांच्याकडे अंपायरची (मैदानावरील अनेक पंचांपैकी एकाची) जागा होती, आणि त्या काळी अंपायर बचावफळीच्या मागे, म्हणजे फुलबॅक मुसंडी मारून जेथे घुसतो नेमके तेथेच उभा राहत असे. कोण कोणाला चोरून धरतो, हे तेथे वावरलेल्या माणसाला चटकन कळत असणार, असे मला वाटते. अर्थात तिथे उभे राहण्याचा धोकाही मोठा होता. लीगने 2010 मध्ये अंपायरला आक्रमक फळीच्या मागे हलवले ते त्याच कारणाने.

प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पंच म्हणून पहिला प्रवेश 2022 मध्ये आर्ट मॅकनॅली यांना मिळाला. सलग तीन हंगामांत शंभरहून अधिक गुण मिळवूनही हार्डर तेथे नाहीत. खेळाडू म्हणून त्यांची बाजू कदाचित तोकडी पडत असेल, पण नंतरच्या सतरा हंगामांची भर घालून निवड समितीने त्यांचा विचार करायला हवा.

आपला,
एक वाचक