मालमत्ता करातील सवलत मीटर पाहून द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इमारतींमधून होणारे कार्बन उत्सर्जन घटावे यासाठी मालमत्ता करात सवलत द्यावी, या मागणीला माझा पाठिंबा आहे. परंतु ती कशाच्या आधारावर द्यायची, याचा विचार आधी व्हायला हवा. ऊर्जेशी निगडित कार्बन डायऑक्साइडच्या जागतिक उत्सर्जनापैकी चौथा हिस्सा इमारतींच्या रोजच्या वापरातून, म्हणजे दिवे, पंप, लिफ्ट, वातानुकूलन, पाणी तापवणे आणि स्वयंपाक यांतून होतो. बांधकामाचे सिमेंट आणि पोलाद धरले, तर हा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे जातो. दर वर्षी मालकाच्या हाती पडणारे कराचे बिल हे या बाबतीत प्रभावी साधन ठरू शकते, यात शंका नाही.

अडचण अशी की, सवलत बहुधा उपकरण बसवल्याबद्दल दिली जाते, ते चालवल्याबद्दल नव्हे. एका इमारतीच्या गच्चीवरील सौर बंब मी स्वतः पाहिला आहे. त्याच्या निम्म्या नळ्या फुटलेल्या, उरलेल्या क्षारांनी बुजलेल्या, खाली येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह कायमचा बंद, आणि प्रत्येक न्हाणीघरात विजेचा गीझर सुरू. कराच्या बिलावरील सवलत मात्र अबाधित होती, कारण तपासणी एकदाच, बंब बसवला त्या वर्षी झाली होती. यात कोणी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. नियमाने जेवढे विचारले, तेवढेच दाखवले गेले.

म्हणून सवलतीचा पाया विजेच्या आणि गॅसच्या मीटरवरील प्रत्यक्ष नोंद हाच असावा. इमारतीचा वर्षभराचा वापर चटई क्षेत्राने भागावा, त्याच प्रकारच्या इमारतींशी त्याची तुलना करावी आणि घट टिकून राहील तितकीच वर्षे सवलत चालू ठेवावी. रुग्णालयाची तुलना निवासी इमारतीशी होणार नाही, हे उघड आहे. बाहेरून येणारी वीजच अधिक स्वच्छ झाली, तर इमारतीने काहीही न करता तिचे उत्सर्जन कमी दिसेल. म्हणून मोजायचे ते प्रथम युनिट, टनांचा हिशोब त्यानंतर. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये केलेल्या कायद्यात साधारण २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली आहे. ती २०२४ पासून लागू झाली असून, मर्यादेवरील प्रत्येक टनामागे २६८ डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड आहे, करसवलत नव्हे. पण वापर इमारतीगणिक मोजता येतो, एवढे त्यावरून दिसते.

दुसरी बाब करआकारणीची. जेथे कर इमारतीच्या मूल्यावर ठरतो, तेथे छताला उष्णतारोधक थर दिला, खिडक्यांना दुहेरी काच बसवली किंवा सौर पॅनेल लावले की मूल्य वाढते आणि त्यासोबत करही वाढतो. एका हाताने सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने ती काढून घ्यायची, असा हा प्रकार आहे. कॅलिफोर्नियात नव्या सौर यंत्रणेमुळे वाढलेले मूल्य करआकारणीतून वगळण्याची सोय आहे. तीच सोय इतर सुधारणांनाही मिळाली पाहिजे, आणि माझ्या मते सवलतीच्या टक्केवारीवर वाद घालण्याआधी एवढे तरी व्हावे.

भाड्याच्या घरांत पेच आणखी वेगळा आहे. खर्च मालकाने करायचा आणि विजेचे बिल कमी व्हायचे ते भाडेकरूचे. मग मालक कशाला हात घालील? मालमत्ता कर बहुधा मालकच भरतो, त्यामुळे ही गाठ सोडवायला तोच सोयीचा धागा आहे. मात्र सवलत घेऊन सुधारणेच्या नावाखाली लगेच भाडे वाढवता येणार नाही, अशी अट हवी.

सवलतीच्या प्रमाणाबद्दल सावध राहिलेले बरे. इटलीने २०२० मध्ये घरांच्या ऊर्जासुधारणेवरील खर्चाच्या ११० टक्के रक्कम आयकरातून वळती करण्याची मुभा दिली. खर्चाहून अधिक परतावा मिळणार म्हटल्यावर कंत्राटदाराशी घासाघीस कोण करणार? सरकारी तिजोरीवर १०० अब्ज युरोंहून अधिक बोजा पडला आणि योजना आखडती घ्यावी लागली. स्थानिक संस्थांचा गाडा तर मालमत्ता करावरच चालतो. म्हणून सर्वाधिक वापर करणाऱ्या इमारतींवर थोडा अधिभार लावून सवलतीची तूट भरून काढणे रास्त ठरेल.

बंद घरांना मात्र ही सवलत लागू नसावी. अन्यथा वर्षभर कुलूप लावलेली सदनिका यादीत पहिली यायची.

आपला,
एक करदाता वाचक