शिक्षकाला काय येते, हे आधी विचारा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

वर्गातील तंत्रज्ञानाच्या वापराचे ऑनलाइन प्रशिक्षण मुदतीत पूर्ण केले नाही, म्हणून मला गेल्या आठवड्यात कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी मेळघाटातील धारणी तालुक्यात एका दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. हा अभ्यासक्रम प्रत्येक शिक्षकाच्या गरजेप्रमाणे बदलत जाईल, असे आश्वासन आम्हाला दिले होते. त्यामागचे तत्त्व मला मनापासून पटते: आधी चाचणी घ्यायची, प्रत्येक उत्तरागणिक शिकणाऱ्याला किती येते याचा अंदाज सुधारत न्यायचा, येते ते वगळायचे आणि अडते तिथेच जास्त सराव द्यायचा. प्रत्यक्षात चाचणीतील सर्व उत्तरे बरोबर देऊनही, ई-मेल कसा पाठवावा हा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पुढचा घटक उघडतच नव्हता.

गावात रेंज नाही. त्यामुळे शाळा सुटल्यावर टेकाडावर जाऊन, भर पावसात मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत धरून, पदरच्या पैशाने डेटा भरून मी ते व्हिडिओ पाहिले. मध्येच संपर्क तुटला की घटक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि घरी आजारी आई अंधार पडेपर्यंत एकटी वाट पाहत राही. हे कष्ट कोणत्याही अहवालात दिसणार नाहीत, तिथे माझ्या नावापुढे फक्त ‘अपूर्ण’ असे लिहिलेले आहे.

एकाच खोलीत तीन इयत्ता असताना एक टॅब कसा फिरवावा, घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतील ध्वनिफिती कशा तयार कराव्यात, हे मला शिकायचे होते. ते मला कोणी विचारलेच नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले आणि सारी यंत्रणा तास मोजू लागली. वर्गात काय बदलले, हे पाहायला कोणी येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे सांगते, तरीही आमचे दिवस माहिती भरण्यात जातात. हा आमच्या वर्गातील मुलांवरचा अन्याय आहे.

अभ्यासक्रम मोबाईलमध्ये उतरवून घेऊन रेंजशिवाय पूर्ण करता यावा, चाचणीत ज्याची उत्तरे बरोबर आली तो घटक पूर्ण झाला असे धरावे आणि बहुवर्ग अध्यापनाचा घटक आमच्यासारख्या शिक्षकांना सोबत बसवून तयार करावा, ही मागणी आहे. लेखी उत्तराची अपेक्षा करतो.

आपला,
धारणी तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षक