पडलेल्या मोठ्या झाडांचे दोन फुटी तुकडे करू नयेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात एक छायाचित्र हमखास येते. रस्त्यावर आडवे झालेले झाड, शेजारी अग्निशमन दलाचे जवान आणि चेन सॉने केलेल्या तुकड्यांची रास. तासाभरात रस्ता मोकळा करणाऱ्या त्या जवानांविषयी तक्रार करण्याचा प्रश्नच नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा त्यांनी उपसलेले कष्ट आम्ही कोणी विसरलेलो नाही. मला बोलायचे आहे ते त्या राशीविषयी. दोन पिढ्यांनी पाहिलेल्या आंब्याचे किंवा फणसाचे, उसाचे करवे करावेत तसे दोन-दोन फुटांचे तुकडे केले की त्या लाकडाला चूल किंवा पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी यांखेरीज दुसरी वाट उरत नाही. ‘एवढा बुंधा कुठल्या यंत्रात जाणार?’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते उत्तर चुकीचे असल्याचे मी गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाहिले, म्हणून हे पत्र.

आमच्या कुळागराच्या कडेला व्हाळाजवळ (ओढ्याजवळ) एक रायवळ आंबा होता. जूनच्या एका रात्री मुळांखालची माती सुटून तो व्हाळावर आडवा झाला. बुंध्याचा घेर चौदा फूट, म्हणजे जाडी जवळजवळ साडेचार फूट. त्यातला नऊ फुटांचा सरळ भाग आमच्याकडच्या वखारीतील हिशेबाने, म्हणजे घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग गुणिले लांबी असा मोजला, तर ११० घनफूट भरतो; ओल्या लाकडाचे प्रत्यक्ष वजन साडेतीन टनांच्या पुढेच. ज्यांनी कुळागर पाहिले आहे त्यांना सांगायला नको की पोफळींच्या रांगा, पाटाचे पाणी, चिऱ्यांचे गडगे आणि उतरत्या पायऱ्या यांमधून साडेतीन टनांचा ओंडका वर रस्त्याला आणणे म्हणजे निम्मे कुळागर आडवे करणे. एका वखारीत विचारले तेव्हा ‘इथवर आणा, मग बघू’ असे उत्तर मिळाले. एक ठेकेदार फुकट तोडून न्यायला तयार होता, अर्थात सरपण म्हणून.

शेवटी शेजारच्या गावातला एक तरुण आला. त्याच्या घरची परवानाधारक सॉ मिल आहे आणि जोडीला त्याने पेट्रोल इंजिनावर चालणारी फिरती बँड सॉ घेतली आहे. जमिनीवर समतल बसवलेले दोन रूळ, त्यांवरून हाताने ढकलायची चौकट आणि चौकटीत दोन चाकांवर फिरणारा सव्वा इंच रुंदीचा दातेरी पट्टा, एवढाच त्या यंत्राचा संसार. ओंडका जागच्या जागी राहतो, करवत त्याच्यावरून जाते. यंत्राचे सुटे भाग चौघांनी खांद्यावरून व्हाळापर्यंत उतरवले. झाड गिरणीकडे नेण्याऐवजी गिरणीच झाडाकडे येते, ही सोय गोव्यासारख्या चढ-उताराच्या प्रदेशात किती मोलाची आहे ते मला त्या दिवशी कळले.

अडचण एकच होती. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी सरळ धरणारे जे रोलर असतात, त्यांच्यामधले अंतर त्याच्या यंत्रात फार तर अठ्ठावीस इंच होते आणि आमचा बुंधा होता साडेत्रेपन्न इंचांचा. हे अंतर वाढवून भागत नाही, कारण रोलर जितके लांब तितका मधला पट्टा लवचिक होतो, गाठ आली की वर-खाली भरकटतो आणि फळीला लाट येते. तेव्हा मोठ्या ओंडक्याचे काम यंत्र सुरू होण्याआधीच, विचाराने, करायचे असते.

आधी त्याने मुळाजवळचे फुगलेले कंगोरे चेन सॉने उतरवले. मग दोन्ही तोंडांवर ओळंब्याने उभी आणि पाणसळीने आडवी रेघ मारली आणि बुंध्याच्या अंगावरून गेरूत भिजवलेले सूत ताणून सोडले. त्या रेघेवरून, उभ्या चिरणीसाठी वेगळ्या कोनात धार लावलेली साखळी चढवून, दोन फुटी पात्याने त्याने एका बाजूने खाच पाडली, पाचर मारून ओंडका अडवला आणि दुसऱ्या बाजूने पाडली. दोन्हीकडून चोवीस-चोवीस इंच झाले तरी मध्ये पाच-सहा इंच शिल्लक राहिले. तिथे त्याने खैराच्या पाचरी ओळीने ठोकल्या, एकेका पाचरीवर घणाचे दोन-तीन घाव, पुन्हा पहिल्यापासून. आंब्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते सहजासहजी फाटत नाही. बऱ्याच वेळाने आतून कुरकुर ऐकू आली, मग एकच मोठा आवाज झाला आणि दोन्ही भाग वेगळे झाले. ओल्या कैरीसारखा आंबूस वास सुटला होता. तसेच पुन्हा करून चार पाव भाग झाले, प्रत्येक सुमारे सत्तावीस इंचांचा. पाव भागाचे वजनही टनाच्या आसपास होतेच, परंतु उतरत्या बल्ल्यांवरून, दोर आणि पहारींच्या मदतीने, चार माणसांना तो रुळांवर घेता आला.

चौथाई करण्यात एक फायदा असा की झाडाचा गाभा, जिथून पुढे हमखास तडे जातात, तो फळीच्या मधोमध न राहता काठाला जातो आणि छाटून टाकता येतो. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढे आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आक्रसते. त्यामुळे चौथाईतून निघणाऱ्या बऱ्याच फळ्या वाळल्यावर कमी वाकतात. तोटा असा की तीन-चार फूट रुंदीचा अखंड पाट मिळत नाही. हल्ली किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांना तसल्या टेबलांचे फार वेड आहे. ज्यांना ते हवे त्यांनी चेन सॉला चौकट जोडून चिरावे आणि अर्धा दिवस धूर खावा. आमच्या घराला दारे हवी होती.

वरच्या, चौतीस इंची भागाला तर चेन सॉ लावावीही लागली नाही. तो यंत्राच्या खांबांमधून जेमतेम जात होता, रोलरांमधून मात्र जात नव्हता. पण गोल वस्तू वरच्या बाजूला अरुंदच असते. वरून सात इंच खोलीपर्यंत रुंदी अठ्ठावीसच्या आत राहते, तेव्हा तेवढ्यात बसतील तितक्या फळ्या काढायच्या, ओंडका पाव वळणाने फिरवायचा, पुन्हा सात इंच. चारही बाजू झाल्या की मध्ये वीस इंचांचा चौकोनी ठोकळा उरतो आणि तो मग हवा तसा चिरता येतो. हे गणित शाळेतल्या भूमितीचे आहे. एवढेच की शाळेत वर्तुळ कोणी ढकलून फिरवायला सांगत नाही.

लाकूड किती वाचते हेही सांगतो. अशा पट्ट्याच्या वाटेने एका चिरणीला सुमारे दोन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, मोठ्या गोल करवतीने सहा आणि चेन सॉने नऊ-दहा. म्हणजे दहा फळ्या काढताना चेन सॉ जवळजवळ चार इंच लाकूड भुशात घालवते, तर बँड सॉ पाऊण इंच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओंडक्याभोवती उभारायची, गोल पाते आडवे-उभे फिरवणारी यंत्रे आहेत आणि ती यापेक्षा मोठे बुंधे सरळ चिरतात. आपल्याकडच्या आंब्या-फणसांना मात्र एवढी तजवीज पुष्कळ झाली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या पाव भागाच्या तिसऱ्या फळीला यंत्र किंचाळले. पट्टा बाहेर काढला तर वीतभर लांबीतले दात सपाट. लाकडात निळसर-काळा डाग पसरलेला आणि त्याच्या मधोमध बोटाएवढा लोखंडी हूक. लहानपणी आमच्यासाठी झोपाळा बांधायला वडिलांनी तो ठोकला होता. झाडाने तो केव्हाच पोटात घेतला होता. त्या तरुणाजवळ धातू शोधणारे हातयंत्र होते, पण हूक त्याच्या पल्ल्याबाहेर खोल गेलेला. पट्ट्याची किंमत मी भरून दिली, चूक आमच्याच घरची होती. परंतु रस्त्याकडेच्या झाडांना शिकवणी वर्गांपासून भूखंड विक्रीपर्यंतच्या पाट्या खिळ्यांनी ठोकणारे लोक हा भुर्दंड कोणाच्या नावे लिहितात? वखारवाले रस्त्यावरचे झाड नको म्हणतात त्याचे अर्धे कारण जाडी नसून हे खिळे असतात.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या पावसात पडलेला आंबा फार दिवस थांबत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत तोंडाकडून बुरशी शिरते आणि भुंगे साल पोखरू लागतात. आमचा अर्ज, पाहणी, पंचनामा आणि परवानगीचा कागद यांत पाच आठवडे गेले आणि बाहेरच्या चार-पाच फळ्या डागाळल्या. दिरंगाई कोणा एकाची नव्हती, कागद रीतसर एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होता. उरलेल्या फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी मारून, तोंडांना रंग फासून, गोठ्याच्या माळ्याखाली एकेक इंचाच्या पोफळीच्या पट्ट्या मध्ये घालून रचल्या आहेत आणि वर चिऱ्यांचे वजन ठेवले आहे. इंचभर जाडीला वर्षभर असा सुतारांचा जुना अंदाज आहे. म्हणजे दीड इंची फळ्यांना अजून पुढचा एक पावसाळा काढावा लागेल.

वृक्ष जतन कायदा गोव्यात १९८४ पासून आहे आणि जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर लाकूड गिरण्यांवर देशभर नियंत्रण आले, हे योग्यच झाले. फिरती करवत मोकाट सोडली तर ती रात्रीच्या वेळी रानात शिरेल, ही भीती मला मान्य आहे. म्हणूनच माझी मागणी सूट मिळावी अशी नाही. वाऱ्याने पडलेल्या झाडापुरती, परवानाधारक गिरणीच्या नावे नोंदलेली फिरती करवत, ठरावीक जागी, ठरावीक दिवशी, मोजून दिलेल्या घनफुटांसाठी कशी वापरता येईल याची लेखी पद्धत वन खात्याने पावसाळ्यापूर्वी जाहीर करावी. पाहणी आणि मोजमाप एकाच फेरीत व्हावे आणि कागद आठवड्याभरात हाती पडावा.

पंचायती व पालिकांकडे मागणे याहून साधे आहे. रस्ता मोकळा करताना फांद्या खुशाल तोडाव्यात, पण सरळ बुंध्याला आठ-नऊ फुटांच्या आत छेद देऊ नये. जेसीबी बहुधा तिथे आलेलाच असतो, त्याने तो कडेला सरकवावा. तोंडांना चुना नव्हे, जुना ऑइल पेंट लावावा. मग लिलाव करावा, किंवा त्याच गावच्या शाळेला बाक करून द्यावेत. पणजी-मडगावातील पावसाची झाडे (रेन ट्री) तर पसरट मुळांमुळे दर वर्षी कोसळतात. त्यांचे लाकूड गडद, देखणे असते आणि वाळताना फारसे आक्रसत नाही. त्याचा भुसा मात्र नाकाला झोंबतो, तेव्हा तोंडाला फडके हवे.

हे वाचून कोणी उत्साहाने स्वस्तातले यंत्र मागवणार असेल तर एवढे लक्षात घ्यावे की टनभर वजनाचा पाव भाग घसरला तर माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, आणि ताणलेला पट्टा तुटला तर तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. आमच्याकडे आलेला तरुण दर ओंडक्याआधी पाचरी स्वतः तपासत होता आणि यंत्र सुरू असताना पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देत नव्हता, मालकालासुद्धा.

आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर गेल्याच महिन्यात एक फणस पडला. त्याचे सतरा तुकडे अजून गटाराच्या कडेला आहेत. कापलेली पिवळीधमक तोंडे आता तपकिरी होऊ लागली आहेत. त्यांतला सर्वांत लांब तुकडा मी काल मोजला, सव्वादोन फूट भरला.

आपला नम्र,
एक कुळागरवाले
सावईवेरे, फोंडा