मार्कांआडची माझी मुलगी तुम्हाला दिसली

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लेक नोकरीत कायम झाली आणि पहिली आठवण तुमची आली. हे आभार फोनवरही मानता आले असते. पण कॉलेजात तिच्यासाठी तुम्ही जे केलंत ते इतर पालकांनी आणि प्राध्यापकांनीही वाचावं असं मनापासून वाटतं, म्हणून जाहीर लिहितेय.

ऑटिझम असलेलं मूल अभ्यासात हुशार निघालं, की त्याच्या अडचणी कुणाला खऱ्याच वाटत नाहीत. "एवढी अवघड गणितं सुटतात आणि साधा फॉर्म भरता येत नाही?" हे मी तिच्या शाळेपासून ऐकत आले. गणित सुटणं वेगळं आणि कामाला सुरुवात करणं, दिवस आखणं, वेळेचा अंदाज घेणं वेगळं. एकात माणूस वर्गात पहिला असू शकतो आणि दुसऱ्यात पदोपदी अडू शकतो. कॉलेजात एका प्राध्यापकांनी विचारलंच, "मार्क उत्तम आहेत, मग सवलत कशाला?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मार्क उत्तम आहेत, कारण उरलेली सगळी ताकद संपवून ती घरी जाऊन कोसळते." मग त्यांना सांगितलंत की डीएसएम-५ या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ सालच्या पुस्तिकेत ऑटिझमची पातळी ठरते ती आधार किती लागतो यावरून. आणि अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या करारात शिक्षणातल्या अशा सोयींना हक्काचं स्थान आहे, त्यात मेहेरबानीचा प्रश्न येत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आता हे सगळं एकटीने पटवून द्यायला नको.

पहिल्याच भेटीत तुम्ही प्रश्न तिला विचारलेत, मला नाही. तिला उत्तर द्यायला वेळ लागला, तरी तुम्ही मध्ये बोलला नाहीत आणि मलाही नजरेनंच थांबवलंत. "तुला कशाची मदत हवी?" असा मोघम प्रश्नही नव्हता तो. परीक्षेच्या खोलीतला ट्यूबलाइटचा आवाज त्रास देतो का, तोंडी परीक्षेचे प्रश्न कागदावर मिळाले तर बरं पडेल का, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कुणी काय करायचं हे लिहून ठेवूया का, असे नेमके प्रश्न होते. तिला 'हो' किंवा 'नाही' म्हणता आलं.

मेलचं तर सांगायलाच हवं. मुदत वाढवून मागणारा दोन ओळींचा मेल लिहायला ती अख्खी संध्याकाळ घालवायची. शेवटी तो जायचाच नाही, आणि तयार असलेलं कामही राहून जायचं. तुम्ही तिच्याबरोबर बसून एक साचा केलात: मी कोण, मला काय हवं, कधीपर्यंत. माफी मागायची नाही, कारणांची यादी द्यायची नाही. आजही ऑफिसात ती तोच साचा वापरते.

मग ते वाईट सेमिस्टर आलं. तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं, आंघोळ-जेवणही जमेना. कुणी आळस म्हणालं, कुणी अभ्यासाची भीती. वर्षानुवर्षं इतरांसारखं वागून दाखवण्याचा शीण असा अंगावर येतो, हे तुम्ही ओळखलंत. लगेच विषय कमी करवलेत. "पदवीला वर्ष जास्त लागलं तर काय बिघडलं?" हे तुमच्या तोंडून ऐकल्यावर घरातल्या सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. असं थकलेल्या मुलांना "अजून थोडा जोर लाव" म्हणणं किती घातक असतं, हे प्रत्येक कॉलेजला कळायला हवं.

स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला विचार तुमच्याकडूनच कळला. ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली समजुतीची दरी दोन्ही बाजूंनी असते, म्हणून ती बुजवायचं ओझं एकट्या ऑटिस्टिक माणसावर टाकू नये. तुम्ही तिला डोळ्यांत बघून बोलायला शिकवलं नाहीत. तिच्या गटातल्या मुलांना मात्र सांगितलंत, की सूचक बोलू नका, हवं ते सरळ सांगा. त्यातली दोघं आजही तिच्या संपर्कात आहेत.

नोकरीच्या वेळी ऑटिझमबद्दल सांगायचं की नाही, हा निर्णय तुम्ही पूर्णपणे तिच्यावर सोडलात. तिने सांगितलं. मुलाखतीऐवजी कामाचा नमुना करून दाखवू का, असं स्वतःच विचारलं. आता तिला सूचना लेखी मिळतात, बसायला शांत कोपरा आहे. डॉक्टरांची वेळ ती स्वतः घेते, बिलं स्वतः भरते. काही आठवडे अजूनही कठीण जातात, पण मदत कुणाकडे आणि कशी मागायची ते तिला माहीत आहे. हे तुम्ही शिकवलंत, आणि शिकवता शिकवता स्वतः हळूहळू बाजूला झालात. पालकांनाही ते सहज जमत नाही.

तिला तुमच्याशी बोलायचं आहे. सवड झाली की आधी मेसेज टाका, न कळवता आलेला फोन ती आजही उचलत नाही.

तुमची ऋणी,
एक आई